टाकी हाय

ऐक गं भाचे, फोन नीट कानाला लाव. समोर असतीस तर आधी एक धपाटा दिला असता. एवढी शिकलीस, सांगलीत बसून आमच्या वाईच्या कारखान्यातली यंत्रं हलवतेस, आणि घरची बोलीच विसरलीस?

मी काही कॉलेज बघितलं नाही. स्ट्रॉबेरीच्या पाकाच्या या कारखान्यात बाटल्या धुता धुता, वायरमनच्या खांद्यावरून बघून पीएलसी शिकले. म्हणजे पंप कधी चालू, कधी बंद, हे ठरवणारी पेटी. तिचा प्रोग्रॅम आम्ही शिडीसारखा काढायचो, पायरीखाली पायरी. माझी शिडी किती हंगाम चालली! मग तू पायथन नावाची संगणकाची भाषा घेऊन आलीस. मी म्हटलं, "अजगर व्हय? चढंल का शिडी?" तू हसलीस. मला मात्र लागलं होतं हं.

चाचणीच्या दिवशी मालकांनी बजावलं होतं, नीट चाललं तर ठेवू, नाहीतर काढू. तुझी सहा महिन्यांची मेहनत. त्या दिवसापुरता पंप तू ऑपरेटरकाकांच्या हातात दिलेलास. संगणकाचा पडदा सांगणार, काका बटण दाबणार. काकांना इंग्रजी येत नाही, म्हणून तू पडदा मराठीत केलास. टाकीतल्या पाकाची पातळी वर गेली की इंग्रजीतलं 'हाय', म्हणजे 'वर', आपल्या अक्षरांत झळकणार: 'टाकी हाय'.

झळकलं. काकांनी वाचलं, मान डोलावली आणि निवांत टेकले. पाक काठावरून उतरला तो थेट मालकांच्या पांढऱ्या बुटांवर.

"आवं, पंप बंद करा! पडदा वाचला न्हाई का?" मी काकांवर ओरडले.

"वाचला की. टाकी हाय म्हणतोय. हायच की. कुटं जाणार?"

"काढा तो अजगर! शिडीच बरी!" मालक गरजले.

आता कबूल करते. आदल्या दिवशीच मी तो पडदा वाचून फिसकन हसले होते. तुला कळवलं नाही. म्हटलं, होऊ दे जराशी फजिती. पण फोनवर तुझा आवाज एवढासा झाला, तशी मी पुढे झाले. मालकांना म्हटलं, "मला ठावं होतं, मीच बोलले न्हाई. एक ओळ बदलायची हाय, पाच मिन्टं द्या."

तू तिकडून बदललंस: 'टाकी भरली, पंप बंद करा.' काकांनी वाचलं आणि टुणकन उठून बटण दाबलं.

मालक बूट पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ दे अजगर. पर शब्द आधी मावशीला दाखवायचे!"

तेव्हापासून तू फोनवरच शब्द दाखवतेस. पुरे झालं ते. काका रोज विचारतात, "पोरगी हाय का?" मी सांगते, हाय, पण सांगलीत. हंगाम संपायच्या आत ये बाई एकदा.