बिनबोलाची मीटिंग

सोमवारी जेवणानंतर साहेबांनी आमची पेनं गोळा केली आणि टेबलाच्या खणात ठेवली. म्हणाले, "आजपासून रोज या वेळी तासभर मीटिंग. कुणी बोलायचं नाही, कुणी काही गिरवायचं नाही."

साल बाहत्तर. नगरच्या एका सरकारी कचेरीत आम्ही चौघे ट्रेसर दुष्काळी कामांचे नकाशे गिरवत असू. एक पाझर तलाव संपला की दुसरा. गावांची नावं बदलत, रेषा त्याच राहत. लोकांच्या हाताला काम हवं होतं, म्हणून वरून रोज तगादा असे.

"साहेब, झोपलं तर चालेल?" माझ्या शेजारच्याने विचारलं.

"चालेल. घोरायचं नाही. घोरणं मी बोलण्यात धरतो."

कचेरीत नुसतं बसायला परवानगी नव्हती, मीटिंगला होती. कुणी चौकशीला आलं की शिपाई दारातच अडवी.

"साहेब मीटिंगमधी हायेत."

"आवाज तर येत नाही."

"लई मोठी मीटिंग हाय."

सुरुवातीला मी खिडकीतून लिंबाचं झाड पाहत बसे. त्याचा कंटाळा आल्यावर भिंतीवरच्या नकाशाकडे नजर गेली. इतरांचंही तेच झालं असावं. एके दिवशी तास संपता संपता शेजारचा म्हणाला, "या गावच्या विहिरी ओढ्याच्या वरच्या अंगाला आहेत. बांध आपण त्यांच्या खाली घालतोय. पाणी उलटं वर कसं पाझरेल?"

"खाली रस्ता आहे," दुसरा म्हणाला. "मजुरांना यायला सोपं."

"म्हणजे मजुरी मिळेल," साहेब म्हणाले, "आणि विहिरी कोरड्याच राहतील."

हा नकाशा आम्ही चौघांनीही हाताळला होता.

साहेबांनी तो अडवून ठेवला. दोन दिवसांनी वरिष्ठ आले. "गावं मजुरीची वाट बघताहेत आणि तुम्ही मौन पाळताय? उद्यापासून हे बंद. नाहीतर बदलीची तयारी ठेवा."

"नव्या जागेचा नकाशा संध्याकाळी देतो," साहेब म्हणाले. "मीटिंग बंद करणार नाही."

वरची जागा मंजूर झाली. साहेबांची बदलीही झाली. नव्या साहेबांच्या काळात पेनं दिवसभर आमच्या हातात राहिली.

साहेब गेल्या वर्षी वारले. दहाव्याहून परतताना मी वाट वाकडी करून त्या गावाला गेलो. तलावात थोडं पाणी होतं. बांधाखालच्या विहिरीवर मोटर चालू होती. तिथल्या माणसाला मी काही सांगितलं नाही.

चौघांपैकी आता शेजारचा आणि मी आहोत. तो कधीमधी घरी येतो. जेवणानंतर आम्ही तासभर बोलत नाही.