नुसतं बसण्याची नोकरी

“बावीस वर्षांत मला एकही माणूस असा भेटला नाही, ज्याने काहीतरी केलं होतं,” असं तो एकदा म्हणाला होता.

खरंच होतं ते. संगणक बिघडला म्हणून फोन करणारा प्रत्येक जण आधी स्वतःची सुटका करून घ्यायचा. मी काहीच केलं नाही, बसलो होतो, आपोआप झालं. संगणक म्हणजे जणू नशीब; कुणी काही न करता बिघडणारं.

त्याचं खरं नाव बायकोला ठाऊक होतं आणि मतदार यादीला. बाकी सगळे त्याला बंदचालू म्हणायचे. कारण फोनवर पहिला घोट पाण्याचा घ्यावा तसं तो शांतपणे म्हणायचा, “एकदा बंद करून चालू करा.” निम्मी दुखणी तेवढ्यावर बरी व्हायची. उरलेल्या निम्म्यांसाठी तो पिशवी घेऊन जिने चढायचा. पिशवीत दोन पेचकस, एक मऊ ब्रश, वेटोळी करून ठेवलेल्या तारा, एक जादा माऊस आणि एक वही. वहीच्या डाव्या बाजूला गिऱ्हाईक काय म्हणालं ते, उजव्या बाजूला खरं काय निघालं ते. डावीकडे ‘पडदा मेला’, उजवीकडे ‘पडद्याचं बटण बंद’. डावीकडे ‘पासवर्ड चोरीला गेला’, उजवीकडे ‘मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं, त्यावर पेपरवेट’. डावीकडे ‘आतून कुणीतरी कण्हतं’, उजवीकडे ‘झुरळं, सहकुटुंब, सुखरूप’.

डावी बाजू जगाची होती. उजवी त्याची. माणसाला आयुष्यात एक तरी बाजू अशी हवी, जिथे शेवटी काहीतरी निघतं, असं त्याला वाटायचं. बोलायचा नाही कुणाशी. बायको म्हणाली असती, गुडघ्यांना तेल लावलंत का आधी.

लिफ्ट तपासनिसांचं कार्यालय गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडे आलं ते त्याच्या वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट धडधाकट आहेत की नाहीत याचे दाखले तिथून निघायचे. कार्यालय होतं तिसऱ्या मजल्यावर आणि खालची लिफ्ट बंद होती. दारावर चिठ्ठी होती : ‘तपासणी बाकी.’ दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे दिव्यापर्यंत पोचायलाच बहात्तर पायऱ्या होत्या.

वर चार माणसं. साहेब, मोठ्या बाई, ज्या हेडक्लार्क होत्या, धाकट्या बाई, ज्या दाखले छापायच्या, आणि आवक-जावकवाले, जे आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदावर नंबर घालायचे. पहिल्या दिवशी बंदचालू धापा टाकत दारात उभा राहिला आणि प्रिंटर खाकरला. मग त्याने एकामागून एक सव्वीस दाखले बाहेर टाकले.

“बघा!” धाकट्या बाई म्हणाल्या. “सकाळपासून मढ्यासारखा पडला होता.”

“मी अजून हात नाही लावला,” बंदचालू म्हणाला.

“तेच तर!” मोठ्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

तो खाली उतरला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फोन वाजला. बंद पडला होता. तो वर गेला. चालू झाला. उतरला. फोन. त्या दिवशी तो पाच वेळा चढला आणि पाचही वेळा उंबऱ्यात त्याचा पाय पडताच प्रिंटर चालू, संगणक जागे, अडकलेल्या फायली मोकळ्या. डावीकडे त्याने लिहिलं, ‘सगळंच बंद.’ उजवी बाजू कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशीही कोरी. आठवडाभर कोरी. त्याने तारा बदलल्या, छापायची रांग पुसून नवी केली, प्रिंटरचं पोट उघडून रूळ पुसले, सगळी सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातली. तो असेपर्यंत सगळं घड्याळासारखं. आजाऱ्याने डॉक्टरला पाहताच टुणकन उठून बसावं आणि डॉक्टरने नाडी तरी कसली बघावी?

कार्यालयाने मात्र आपल्या परीने शोध लावायला घेतला होता. एकदा त्याचा शर्ट मागून घेतला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवला. अर्धा दिवस चाललं, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. मग त्याचा फोटो प्रिंटरसमोर उभा केला. आवक-जावकवाल्यांनी त्या फोटोवरही आवक नंबर घातला. फोटो दीड दिवस पुरला. फोनवरून त्याचा आवाज ऐकवून पाहिला. प्रिंटरने शाई ओकली.

“अंगच लागतं,” साहेबांनी निकाल दिला. आणि त्याच दुपारी त्याच्यापुढे एक पत्र ठेवलं. कायम नेमणूक. पद : उपस्थित. काम : उपस्थित राहणे. वेळ : नऊ ते पाच.

“मी करायचं काय?”

“काही नाही.”

“काही बिघडलं तर?”

“तुम्ही असताना कसं बिघडेल?” साहेब प्रेमाने म्हणाले. “खुर्ची खिडकीशी टाकतो. उशी देतो.”

घरी बायकोने पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

“अहो, बसायलाच बोलावतायत ना? फासावर नाही चढवत.”

“अगं, पण काम काहीच नाही.”

“लोक जन्मभर काही करत नाहीत आणि वर दमतात. तुम्हाला निदान कबूल करून बसवतायत.”

“आणि बिघाड? तो तसाच राहणार ना तिथे.”

“बिघाड त्यांचा. गुडघे आपले.”

रात्री उशिरापर्यंत त्याने दोन्ही गुडघ्यांना तेल चोळलं आणि विचार केला. खुर्चीत बसलेला तो त्याला स्पष्ट दिसला : खिडकीशी, उशीवर, नऊ ते पाच, एक न लिहिलेली उजवी बाजू. मेल्यावर माणूस जे करतो तेच करायचं, फक्त हजेरी लावून. एवढं सगळं चालतं ते कशामुळे, हे कुणालाच कळलेलं नाही, त्यालाही नाही. कारण न कळता बरं करणारा माणूस आणि ताईत यांत फरक काय?

सकाळी तो साहेबांना म्हणाला, “गुरुवारी दुपारी बारापर्यंत मला वेळ द्या. बिघाड सापडला तर मी मोकळा. नाही सापडला तर सही.”

“सापडू नये, एवढीच इच्छा,” साहेब म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेऊन दाबला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी त्याने भिंतीतली वायरिंगसुद्धा तपासली. गुरुवारी सकाळी, बहात्तरावी पायरी चढताना, त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो असताना बिघाड नसतो. मग बिघाड बघायचा तर आपण नसायला हवं. आणि बघायला तर असायला हवं.

दहा वाजता त्याने मोठ्याने निरोप घेतला. पाय आपटत एक मजला उतरला, चपला काढून हातात घेतल्या आणि मांजराच्या पावलांनी परत आला. चौघं आतल्या खोलीत चहाला गेले होते. प्रिंटरच्या समोरच कागदांचं लोखंडी कपाट होतं, दारांना हवेसाठी फटी असलेलं. कार्बन पेपरची थप्पी, शिक्क्यांच्या शाईच्या बाटल्या आणि एक निवृत्त टाइपरायटर यांच्या मधे तो अंग चोरून शिरला आणि दार ओढून घेतलं.

चौघं परत आले.

धाकट्या बाईंनी छापायचं बटण दाबलं. प्रिंटर जागा व्हायला श्वासभर वेळ घेतो. तेवढाही न थांबता त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. बंदचालूने फटीतून मोजलं : अकरा वेळा. प्रिंटर बिचारा पहिला कागद ओढत होता तोवर मागे दहा उभे. अडकला. बाईंनी त्याच्या कुशीत एक चापट मारली.

मोठ्या बाईंच्या पडद्यावर ‘कृपया थांबा’ अशी अक्षरं आली. “थांबा म्हणतोय, म्हणजे थकलाय,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी मायेने मुख्य बटण दाबून संगणक झोपवला. त्यांची महत्त्वाची कागदपत्रं कचऱ्याच्या डब्यात असायची, कारण तो डबा पडद्यावर लगेच सापडतो. संगणक परत उठला तेव्हा त्याने विचारलं, डबा रिकामा करू का? बाई म्हणाल्या, “विचारतोय बिचारा,” आणि हो म्हणाल्या.

आवक-जावकवाल्यांनी पाण्याची विजेवरची किटली आणली. स्विचबोर्डवर जागा नव्हती म्हणून संगणकाचा प्लग काढून तिथे किटलीचा लावला. पडदा काळा झाला. “गेला,” ते दुःखाने म्हणाले.

आवाज ऐकून साहेब आपल्या केबिनमधून बाहेर आले. त्यांनी प्रिंटरमागची तार उपसली, तिच्यात फुंकर मारली, आणि ती ज्या भोकात मावली त्या भोकात घातली.

मग चौघं कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“ते गेले की सगळं जातंच बघा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“मी काहीच केलं नाही,” धाकट्या बाई म्हणाल्या.

“मीही नाही,” आवक-जावकवाले म्हणाले. कुणीही विचारलं नव्हतं.

कपाटात बंदचालू फटीला डोळा लावून उभा होता. बावीस वर्षांत इतकी भरगच्च उजवी बाजू त्याच्या हाती लागली नव्हती. घोडं इथे पेंड खात होतं. एक नाही, चार. त्याच्यासमोर ही माणसं सावरून बसायची, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी. एकदाच बटण दाबायची, हात मांडीवर ठेवायची, किटली लपवायची. यंत्रं तेवढ्यानेच चालायची. त्याच्या अंगात काहीही नव्हतं. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

त्याने दार उघडलं. नाकावर कार्बनचा काळा पट्टा, हातात चपला.

“मस्टरवर सही केलीत का आत जाताना?” आवक-जावकवाल्यांनी विचारलं. बाकी कुणाला नवल वाटलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. त्याने एकेक गोष्ट समजावून सांगितली. अकरा वेळा बटण. थांबा म्हणजे थांबा. किटली. कचऱ्याचा डबा. साहेबांच्या फुंकरीबद्दल तो जरा अदबीने बोलला, पण बोलला. चौघांनी माना खाली घालून ऐकलं. मोठ्या बाईंनी पदराने डोळे टिपले; आठ वर्षांचं काम त्या डब्यात होतं.

मग साहेब म्हणाले, “म्हणजे बिघाड यंत्रात नाही. आमच्यात आहे.”

“हो साहेब.”

“आणि तुम्ही समोर असलात की तो निघून जातो.”

“हो... म्हणजे...”

“मग आम्ही तरी दुसरं काय म्हणत होतो?”



“पण साहेब,” धाकट्या बाई विचारात पडल्या, “आता हे कपाटात होते, तरी बिघडलंच की.”

“कारण आत आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं,” साहेब म्हणाले.

“म्हणजे असण्यापेक्षा माहीत असणं महत्त्वाचं,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“त्यातही,” आवक-जावकवाले म्हणाले, “खुर्चीत बसले तर कधी डुलकी लागते, कधी खिडकीतून बघतात, ते आपल्याला दिसणार. कपाटात असले तर कधी बघतायत, कधी नाही, पत्ताच नाही लागणार.”

खोलीत एक नवी शिस्त पसरली. हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं होतं, त्यामुळे सगळे भराभर कामाला लागले. कार्बन पेपर बाहेर काढले. टाइपरायटर दोघांनी उचलून कोपऱ्यात ठेवला. खुर्चीसाठी आणलेली उशी आत गेली. मोठ्या बाईंनी प्यायच्या पाण्याचं भांडं झाकण घालून आत ठेवलं. साहेबांनी तोंडी हुकूम काढला, की हे कपाट कुणीही, कोणत्याही कारणाने उघडून बघायचं नाही. मग त्यांनी स्वतः दोन्ही दारं लावली, कडी बसते की नाही ते हलवून पाहिलं.

बंदचालू अजून बाहेरच, खोलीच्या मधोमध उभा होता. पिशवी पायाशी.

चौघं आपापल्या जागी बसले, ताठ. धाकट्या बाईंनी बटण दाबलं. एकदाच. हात मांडीवर ठेवले. प्रिंटरने श्वासभर वेळ घेतला आणि दाखला बाहेर दिला, कोमट, सरळ, स्वच्छ. मग दुसरा. मोठ्या बाईंच्या पडद्यावर ‘कृपया थांबा’ आलं. त्या थांबल्या, चेहऱ्यावर एक समाधानी भाव घेऊन थांबल्या. आवक-जावकवाल्यांनी किटली उचलली, कपाटाकडे पाहिलं.

“लावू का हो?” ते हलक्या आवाजात म्हणाले. कपाटातून काही आलं नाही. “नको तर नको,” म्हणून त्यांनी किटली खाली ठेवली.

“आमचा आवाज होत नाही ना फार?” मोठ्या बाईंनी कपाटाला विचारलं.

साहेबांनी नेमणुकीचं पत्र आणलं, घडी केली, आणि दाराच्या फटीतून आत सारलं. “सवडीने सही करा,” ते म्हणाले. “घाई नाही.”

बंदचालूला काहीतरी सांगायचं होतं. यंत्रं चालली होती. ती त्याच्याशिवाय, रिकाम्या कपाटाच्या जोरावर चालली होती, आणि कपाट रिकामं आहे हे सांगितलं असतं तर थांबली असती. त्याने चपला खाली ठेवल्या आणि पायात घालताना एक चप्पल फरशीवर घासून वाजली. चौघांनी एकदम मान वर करून त्याच्याकडे नाराजीने पाहिलं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने कपाटाकडे खूण केली.

त्याने मान डोलावली. पिशवी खांद्याला अडकवली, प्रिंटरला वळसा घातला, आणि पाय न वाजवता दाराबाहेर पडला.