पहिलं ताट

फौजीणकाकूच्या घरी रडणाऱ्या लेकराला ताट सगळ्यात शेवटी मिळायचं. ती मारत नसे, ओरडत नसे. आम्ही चार-पाच पोरं रांगेत बसायचो आणि दिवसभर जो रडला नाही, त्याच्यापासून वाढणं सुरू व्हायचं. भाजी थोडीच असायची, शेवटच्याला नुसता रस्सा. "रडून पोट भरते का?" ती विचारायची. आम्ही सगळे मिळून "नाही" म्हणायचो. भंडारा जिल्ह्यात करडीकडच्या आमच्या गावातले काही आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, तेव्हा लहान लेकरं तिच्याकडे ठेवून जायचे. मी सहा वर्षांची होते, माझा भाऊ सोनू चार.

त्याआधी काही वर्षं, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच उन्हाळ्यात तिचा नवरा सीमेवरच्या लढाईत मेला. तीन दिवस ती जमिनीवर पडून रडली. घर माणसांनी भरलेलं होतं, पण तिची दीड वर्षाची मुलगी कोपऱ्यात तापानं फणफणली आहे हे कोणाला दिसलं नाही. चौथ्या दिवशी तीही गेली. "मी रडत राहिली अन् लेकरू गेलं," एवढंच काकू सांगायची, तेही भांडी घासता घासता.

तिला माया नव्हती असं कोणी म्हणू नये. धुणं धुवायला बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, जाताना सोनू तिच्या पाठीवर असायचा. घरात नवऱ्याची काळी पत्र्याची पेटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव. त्या नावावर माझं बोट फिरवून तिनं मला अक्षरं शिकवली. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. हे मी ताठ मानेनं सांगते, आणि सुरुवात त्या पेटीवर झाली हेही सांगते.

एका दुपारी बोडीतले झिंगे मिळाले. चुलीवरचा वास अंगणभर पसरला होता. घरामागं भाताच्या तणसाच्या ढिगावर खेळणारा सोनू लंगडत आला आणि मला चिकटून बसला. अंगठ्याजवळ लाल ठिपका होता.

"इच्चू चावला," तो कानात म्हणाला. "काकूले सांगू नको. आज मी पहिला."

ओठ दातांत धरून तो बसला. घामानं सदरा ओला झाला. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकूनं पाय धरला असता, तो रडला असता आणि त्याचे झिंगे गेले असते. मला ते अगदी बरोबर वाटलं.

काकूनं पहिलं ताट त्यालाच दिलं. "पहा याच्याकडं. कसा शहाण्यासारखा बसला. शिका काही."

सोनू हसला. घास तोंडात गेला आणि उलटीबरोबर बाहेर आला. हातपाय थंडगार पडले. तेव्हा मी सांगितलं. काकूनं ताट लाथाडलं आणि त्याला उचललं. शेजारचा एक जण वरठीच्या कारखान्यातून नुकताच परतला होता. त्याच्या मोटारसायकलवर बसून ती भंडाऱ्याकडे निघाली. वाटेतच तिच्या मांडीवर सोनूनं जीव सोडला. तो शेजारी पुढं सगळ्यांना सांगायचा, पोरगं शेवटपर्यंत रडलं नाही.

भट्टीवरून आई आली आणि अंगणातच कोसळली. काकू तिच्यासमोर गेली नाही. तिनं मला पेटीमागं ओढलं, खांदे धरले.

"रड वो पोरी. मी काही म्हणत नाही. रड ना."

मला वाटलं, ही परीक्षा घेऊन राहिली. मी नुसती पाहत राहिले. तिनं माझ्या दंडाला कातडी निघेपर्यंत चिमटा घेतला. मी रडले नाही.

"माझं ताट कधी वाढशील?" मी विचारलं.

तिचे हात खाली पडले. त्यानंतर तिनं कोणाचं लेकरू ठेवून घेतलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. मी नोकरीच्या गावाहून आले. माझे कोरडे डोळे पाहून एक बाई दुसरीला म्हणाली, "एवढं केलं तिनं हिच्यासाठी, अन् पहा कशी बसून राहिली."

तेरवीच्या पंगतीत कोणीतरी मला पहिल्या जागेवर बसवलं. वाढणारा भात घेऊन आला, तशी मी उठले आणि शेवटच्या पत्रावळीपाशी जाऊन बसले.