बोटभर निळी बाहुली
परवा खण आवरताना बोटभर उंचीची मातीची निळी बाहुली हाती लागली आणि परदेशात बिशान भागात राहायचो तेव्हाच्या आमच्या फ्लॅटमधली, आठ-नऊ वर्षांपूर्वीची शनिवारची दुपार आठवली. मुलीला शाळेत प्राचीन इजिप्तचा प्रोजेक्ट होता. हॉलभर पोस्टर कलरचा वास सुटलेला. मुलगी बाहुल्या वळत होती आणि आमच्याकडे राहून काम करणारी पन्नाशीची इंडोनेशियन आँटी शेजारी बसून त्या रंगवत होती. ‘ह्या कशासाठी?’ आँटीने विचारलं. ‘मेल्यावरही शेतात राबावं लागतं ना, ते काम राजाऐवजी ह्या करणार. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक बाहुली,’ मुलगी म्हणाली. आँटीचा ब्रश थांबला. ‘म्हणजे एकीला वर्षात एकच दिवस काम? बरी नोकरी आहे की,’ असं म्हणून ती हसली. मीही हसले. सकाळीच मी तिला सांगितलं होतं, उद्या पाहुणे यायचेत, या रविवारी सुट्टी घेऊ नकोस. तेवढे शब्द मागे घेणं माझ्या हातात होतं. मी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी साऱ्या पुऱ्या तिनेच लाटल्या, तेव्हा तिच्या नखांत निळा रंग तसाच होता. बाहुली टाकून द्यायला काही हात धजला नाही. पुन्हा खणात ठेवली.