सत्ताविसावं पान

आमच्या मंगळवार पेठेतल्या वाचनालयात जुन्या वाचकांची प्रत्येकाची एक खूण असायची. पुस्तक आपण वाचलंय की नाही हे विसरायला होतं, म्हणून कुणी शेवटच्या पानावर टिंब द्यायचं, कुणी कोपऱ्यात आद्याक्षर. बाबा सत्ताविसाव्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढायचे, कारण आमच्या घराचा नंबर सत्तावीस. तो गोल खाली थोडा उघडाच राहायचा. शिरोलीच्या फौंड्रीतून रिटायर झाल्यावर त्यांची प्रत्येक दुपार तिथंच गेली.

बाबा गेल्यावर आईनं वाचन धरलं, पण तिच्या अटीवर. सत्ताविसाव्या पानावर गोल असेल तेच पुस्तक. "ह्यांनी वाचलेलं न्हाय, परत दे," म्हणत बाकीची ती उघडायचीसुद्धा नाही. पुस्तक हातात असलं की ती जेवायची, शेजारणीशी बोलायची, माझ्यावर चिडायची. नसलं की भिंतीकडं बघत बसायची. बाबांचे गोल एक दिवस संपतील या धास्तीनं मला झोप यायची नाही, आणि ते खरंच संपत आले होते.

त्यात वाचनालयाची तऱ्हा न्यारी. अनुदान अडकलं की आधी पंखे बंद, मग अर्ध्या ट्यूब. फाटकी पुस्तकं शिवून घ्यायला पैसे नाहीत म्हणून ती रद्दीत, आणि रद्दीत जाणारी नेमकी बाबांच्या हाताखालून गेलेली. मी देवघेवीच्या टेबलापाशी उभी राहून ग्रंथपालांशी कडाकडा भांडले. म्हातारा माणूस, शांतपणे म्हणाला, "ताई, माझाच पगार थकलाय. पुस्तकं कशानं शिवू?" तोंड पाडून घरी आले.

यंदा अनुदानाचा रखडलेला हप्ता एकदाचा आला आणि थोडी कोरी पुस्तकं आली. आईला फसवायचं मी ठरवलंच होतं. पर्समध्ये पेन्सिल घेऊन गेले, एक पुस्तक उचललं, कोपऱ्यात बसून सत्ताविसावं पान काढलं. गोल होता. खाली थोडा उघडा.

शाईचा वास न गेलेलं पुस्तक ते, आणि बाबांना जाऊन वर्षं झालेली. ग्रंथपालांना पान दाखवून विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ नेलं. "मला वाटलं तुमीच करताय. बाकीच्यातबी हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुपारी मागच्या बाकावरची ट्यूब मी बंद करतो, बिल परवडत न्हाय म्हणून. परत जाऊन बघितलं की चालू. बटण खराब असंल."

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. तिचा हात थरथरतो, तिला साधी रेघ ओढता येत नाही, त्यामुळं तिच्यावर संशय घ्यायचीही सोय नव्हती. तिनं पान बघितलं आणि समाधानानं भाकरी मोडली. "हल्ली हळू वाचत्यात हे," ती म्हणाली. "उजेड कमी पडत असंल."

"कोण हळू वाचतंय?" मी विचारलं. शिकवणीच्या ढ पोराकडं मी बघते तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

मागच्या आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली. खर्च झेपत नसल्यानं दुपारचं वाचनालय यापुढं बंद. खरं सांगते, रागाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येऊन ती सूचना आईच्या कानावर घातली.

तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. "मग दुपारचं ह्यांनी बसायचं कुठं?"

उन्हातून आलेली, डोकं उठलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "येतील की घरी."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आईनं खिडकीजवळची खुर्ची पुसली, तिच्यावर उशी ठेवली आणि बाहेरच्या दाराची कडी काढली. मी लावायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तूच बोलावलंयस न्हवं?"

तेव्हापासून आई दोन घास जास्त खाते. मी मात्र दुपारी घरात थांबत नाही. पोरं शिकवणीला येईपर्यंत पेठेतनं उगाच फिरत राहते. स्वतःच्या बापाला भिऊन रस्त्यावर फिरायची वेळ आली, याचं चालता चालता रडू येतं.