दोन टाळ्यांवर सुटणारे काका

ड्रायव्हरकाका मागे बघत नाहीत. मानेचं दुखणं नाही, तत्त्व आहे. सगळी नोकरी त्यांनी बस चालवली. बसमध्ये पुढचं ते ड्रायव्हरचं, मागचं ते कंडक्टरचं, अशी वाटणी असते. निवृत्त झाले तरी त्यांनी ती मोडली नाही. रस्त्यात कोणी मागून हाक मारली तर ते थांबतात, पण वळत नाहीत. हाक मारणाऱ्यानेच वळसा घालून समोर यायचं.

त्यांच्या बसची कंडक्टर पुढे त्यांची बायको झाली. लग्नाआधी त्यांनी तिला पाहिलं ते डोक्यावरच्या आरशातच. लग्नाच्या दिवशी ती समोर आली, तेव्हा तिचा भांग भलत्याच बाजूला दिसला म्हणून ते गांगरले होते, असं कंडक्टरकाकू सांगतात. काका ते नाकारतात. पण जोरात नाही.

निवृत्तीनंतर दोघांनी रविवारची फेरी सुरू केली. वस्ती संपते तिथे झाडी आहे. झाडीच्या पोटात पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे आणि तलावाला वेढा घालून एक पायवाट. फाटकापासून निघायचं, फाटकाशीच परत यायचं. लेकुरवाळी माणसं, म्हातारे, कोणीही यावं. काका पुढे, काकू मागे. मागून एक टाळी वाजली की थांबायचं. दोन वाजल्या की निघायचं. तीन वाजल्या म्हणजे गाडी भरली, आता मधे कुठेही थांबायचं नाही. बसमध्ये हे घंटीवर चालायचं, इथे टाळीवर.

बिनसलं ते एका रविवारी. फेरी संपवून सगळे फाटकाजवळ चहा पीत होते. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू नसत्या तर आमच्या जुळ्या मुली केव्हाच पाण्यात असत्या."

काका हसत म्हणाले, "मागे राहून टाळ्याच तर वाजवायच्या असतात. त्यात काय? मी एकटाही नेईन."

काकूंनी कप खाली ठेवला. घरी गेल्यावर मात्र त्यांनी नवऱ्याचा प्रवासी करून टाकला. भाजी वाढ म्हटलं, की "पुढे सरका." चष्मा कुठे आहे विचारलं, की "आपल्या सामानाची जबाबदारी आपली." काका स्वयंपाकघराच्या दारात जरा घुटमळले, तर "दारात उभं राहू नका, लोकांना उतरू द्या." घरात लोक दोनच होते.

शुक्रवारी त्यांनी सांगून टाकलं. दर रविवारी सकाळी बायकांसाठी पोहण्याचा वर्ग निघाला होता. "या खेपेला तुम्ही एकट्याने फेरी नेऊन दाखवा. नीट आणलीत, तर मी पुढच्या रविवारपासून पोहायला मोकळी. त्याच संध्याकाळी जाऊन नाव देते."

काका बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. फेरी फसली तर अब्रू जाणार. साधली तर बायको जाणार. दोन्हींतलं एकच ठेवायचं तर त्यांना बायको हवी होती. पण ते सांगायचं कोणत्या तोंडाने? तोंड एकच होतं आणि त्याच तोंडाने ते नको ते बोलून बसले होते.

रविवारी मंडळी जमली. डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या जुळ्या, घडीचं स्टूल घेऊन फिरणारे आजोबा, आणखी दोन-तीन कुटुंबं. सगळ्यांची बिस्किटं काकांच्या पाठपिशवीत. काकूही आल्या, पण फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. "मी नुसती बसणार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघू नका."

काका पायवाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. उभेच राहिले.

"काका, निघायचं ना?" डॉक्टरीणबाईंनी मागून विचारलं.

"निघतोय," काका म्हणाले. पाय हलेनात. निघायला हवं हे डोक्याला कळत होतं, पण पायांना आयुष्यभर टाळीची नाहीतर घंटीची सवय. घाम फुटायची वेळ आली, आणि मागे आजोबांनी स्वतःच्या मानेवर डास मारला. पहिल्या फटक्यात तो सुटला म्हणून दुसरा हाणला.

फट, फट.

काका निघाले.

झाडीत डास भरपूर. थोडं पुढे गेल्यावर एक फटका बसला. काका जागच्या जागी थांबले, त्यामुळे मागची सगळी रांग एकमेकांवर आदळली. मग दोन फटके. काका सुटले. "पुढचा थांबा, वाकडं झाड," त्यांनी गर्जना केली. "झाडावर चढणाऱ्यांनी आपापल्या आईला विचारावं." गाडी छान चालली होती. इतक्यात पाठीमागे एका जुळीने दुसरीच्या पाठीवर तीन रपाटे घातले. त्याचा डासांशी संबंध नव्हता.

तीन. गाडी भरली. काकांनी वेग घेतला.

मागे काय झालं ते त्यांना नंतर कळलं. पाठीत बसलेले रपाटे परत करायला एक जुळी दुसरीमागे धावली, आणि तलावाकाठी बदकं पोहतात तिथे तिचा बूट चिखलात रुतला. पाय वर आला, बूट आला नाही. डॉक्टरीणबाई बाह्या सरसावून खाली बसल्या. आजोबांनी स्टूल उघडलं. "काका, थांबा," अशी हाकही कोणीतरी मारली. ती काकांनी ऐकली. पण चालत्या गाडीत प्रवासी ड्रायव्हरशी बोलणारच. ड्रायव्हरने उत्तर द्यायचं नसतं.

वाकडं झाड आलं, काका थांबले नाहीत. खडकाची ओसरी आली, थांबले नाहीत. "डावीकडे पाणी," ते सांगत होते. "उजवीकडे झाडं. हात बाहेर काढू नका, काटे आहेत." मागून एक अक्षर येत नव्हतं. एवढी शिस्त त्यांनी कधी पाहिली नव्हती. काकू असताना मागे नुसता बाजार भरलेला असायचा. छाती जरा फुगली, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना पोहण्याचा वर्ग आठवला. फेरी साधत होती. म्हणजे बायको चालली पोहायला.

फाटक दिसलं. काका बाकासमोर येऊन थांबले.

"आणले सगळे," ते म्हणाले. आवाज पडलेला होता. "चूं केलं नाही कोणी."

काकूंनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "गर्दी बरीच दिसते."

"आहेच."

"अहो, मागे बघा."

"मागचं माझ्याकडे नाही."

"आज तुमच्याकडेच आहे. बघा."

काकांनी मान वळवली. किती वर्षांनी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पायवाट मोकळी होती. पाठपिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून बिस्किटांचा चुरा सांडत आला होता, आणि चुऱ्याच्या टोकाला एक बदक उभं होतं. तेही दमलेलं दिसत होतं.

"याचं तिकीट झालेलं दिसत नाही," काकू म्हणाल्या.

काकांना हसू आलं नाही. "जुळ्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "आजोबा? अगं, बाजूला पाणी आहे."

काकू ताडकन उठल्या. "चला."

काका पुन्हा निघायच्या टोकाशी, पायवाटेकडे तोंड करून उभे राहिले. काकू मागे. काही घडेना.

"चला ना. खोळंबलात कशाला?"

"टाळी," काका म्हणाले.

"मघाशी कसे निघालात?"

"कोणीतरी डास मारला."

काका समोरच बघत होते. मग खालच्या आवाजात, जणू वाटेलाच सांगावं तसं ते म्हणाले, "मला तुझ्याशिवाय निघताच येत नाही. मी मूर्खासारखं बोललो. आता वाजव, मुलं तिकडे पाण्याजवळ आहेत."

मागे नाक ओढल्याचा आवाज झाला. मग दोन टाळ्या. काका असे सुटले, की बदकाला उडावं लागलं.

मंडळी बदकांच्या काठावर सुखरूप होती, फक्त भुकेली. डॉक्टरीणबाई कोपरापर्यंत चिखलात होत्या. "मुळं खोल गेलीत," त्या बुटाबद्दल सांगत होत्या. "ओढून उपयोग नाही, डावी-उजवीकडे हलवत काढावा लागेल." जुळीने सवयीने आ वासला होता. शेवटी बूट निघाला. आजोबांनी तो उजेडात धरून पाहिला आणि कीड नसल्याचं जाहीर केलं.

"काका, तुम्ही पुढे गेलात ते मागून कसे उगवलात?" एका जुळीने विचारलं.

"तलाव गोल आहे," काका म्हणाले. खोटं नव्हतं ते.

उरलेली बिस्किटं वाटली गेली. फार उरली नव्हती. बाकीची फेरी नेहमीसारखी झाली. पुढे काका, मागे काकू आणि बाजार. वाकड्या झाडाशी थांबले, खडकाशी थांबले, आणि आजोबांनी डास मारला तेव्हाही थांबले.

परत येऊन सगळे पांगले. फाटकाशी दोघंच उरली. काकूंनी पदराने चष्मा पुसला. "संध्याकाळी नाव द्यायला जायचंय."

काकांनी मान खाली घातली. फेरी तर फसली होती, बोलायचं तेही बोलून झालं होतं. आणखी काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"तोंड पाडू नका," काकू म्हणाल्या. "शनिवारीही वर्ग असतो. त्याला नाव देते. तुम्ही काठावर येऊन बसायचं."

"काठावर बसून मी काय करू?"

"मी बुडायला लागले तर कोणाला तरी हाक मारायची."

काकांनी यावर नीट विचार केला. "आणि नाही बुडालीस तर?"

"तर टॉवेल धरायचा."