अगथाबाईंचं लॅटिन

अगथाबाई पारखे मूळच्या नगरकडच्या. पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना निघाला, तशी नवऱ्याच्या नोकरीपायी त्या इकडे आल्या आणि तिथल्या चॅपलची झाडलोट करू लागल्या. लहानपणी गावच्या जर्मन फादरांनी शिकवलेली मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, लॅटिन गाणी त्यांना तोंडपाठ होती.

छप्पन सालच्या ईस्टरला पुण्याहून विद्यापीठातल्या मुलामुलींचा गायकवृंद चॅपलमध्ये गायला आला. देवाच्या कोकराला आळवताना 'कोकरू' या लॅटिन शब्दाला मुलं 'आन्युस' म्हणत होती. मागून अगथाबाई खणखणीत 'आग्नुस'. पोरी खुदखुदल्या, तशा बाई गप्प झाल्या.

मिस्सानंतर वृंदाचे नरोन्हा सर त्यांच्याकडे आले.

"बाई, मधेच का थांबलात?"

"माझं चुकत हुतं न्हवं?"

"छे! आम्ही इटलीच्या वळणानं म्हणतो, तुम्ही जर्मनीच्या. सूर तुमचा पक्का आहे. नाताळात आमच्यात उभ्या राहाल?"

"ऱ्हाईन की. पर मी आग्नुसच म्हननार. फादरांनी शिकिवलंय."

"म्हणा."

नाताळात बाई नवं लुगडं नेसून पोरींच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्या शब्दाला अख्ख्या वृंदानं त्यांचाच उच्चार उचलला. बाईंना भरून आलं, पण सूर त्यांनी सोडला नाही. दुपारी साऱ्यांना घरी नेऊन त्यांनी पोटभर जेवू घातलं.